प्राणिवर्तनशास्त्र : संशोधन आणि नोकऱ्या (भारत)

प्राणी काय करतात, केव्हा करतात आणि का करतात याचा पद्धतशीर अभ्यास करणारी जीवशास्त्राची शाखा म्हणजे प्राणिवर्तनशास्त्र. १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश, कॉनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मधमाशीचा नाच आणि माणसामागे रांगेने चालणारी कलहंसाची पिल्ले यांवर आयुष्य घालवता येते, हे तेव्हा जगाच्या ध्यानात आले.

भारतात मात्र या विषयातली नोकरी शोधणाऱ्याची पहिली अडचण नावाची असते. ‘प्राणिवर्तनशास्त्रज्ञ’ हे पद सरकारी आकृतिबंधात शोधून सापडणे कठीण. काम आहे, पण ते दुसऱ्याच पाट्यांखाली चालते. कुठे ते वन्यजीवशास्त्रज्ञाचे असते, कुठे कीटकशास्त्रज्ञाचे, कुठे पशुवैद्याचे किंवा प्राणिसंग्रहालयातल्या जीवशास्त्रज्ञाचे, आणि बहुतेक ठिकाणी ‘प्रकल्प सहायक’ नावाच्या, मुदत ठरलेल्या माणसाचे. जाहिराती वाचताना पदनामापेक्षा कामाचे वर्णन वाचावे लागते ते यामुळे.

टिनबर्गन यांनी १९६३ साली मांडलेले चार प्रश्न इथे उपयोगी पडतात. कोंबडा पहाटे का आरवतो? शरीरातले कोणते घड्याळ त्याला उठवते, हा एक प्रश्न. पिल्लाला ही बांग कधी आणि कशी येते, हा दुसरा. आरवून त्याचा फायदा काय होतो, हा तिसरा. आणि रानकोंबड्यापासून ही सवय कशी उतरत आली, हा चौथा. प्रश्न बदलला की नोकरीचे ठिकाण बदलते. पहिला प्रश्न आवडणारा चेताविज्ञानाच्या (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासाच्या) प्रयोगशाळेत जातो, तिसरा आवडणारा दुर्बीण घेऊन रानात, आणि चौथ्याच्या मागे लागलेला डीएनए व संगणक यांच्यात अडकतो. ‘मला प्राणी आवडतात’ एवढ्या भांडवलावर मुलाखतीला गेलेल्यांना हा फरक उशिरा कळतो.

किहीमचा बेकार संशोधक

या क्षेत्रातले भारतातले एक अव्वल काम नोकरी गेलेल्या माणसाने केले. सालिम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याते होते. रजा काढून ते बर्लिनला पक्षिशास्त्र शिकायला गेले आणि १९३० साली परतले, तेव्हा पैशाअभावी ते पदच रद्द झालेले होते. मग अलिबागजवळ किहीमच्या घरात मुक्काम, आणि पावसाळ्यात घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत. रोज बसून पाहणे आणि लिहून ठेवणे एवढेच त्यांनी केले.

‘सुगरण’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी, पण घरटे विणतो तो नर. तो एक घरटे अर्ध्यावर आणतो, शिरस्त्राणासारखे लोंबते ठेवतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येऊन आत-बाहेर तपासणी करतात. एखादीने पसंत केले तर घरटे पुरे होते आणि ती अंडी घालते. नर तेवढ्यात शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. एका हंगामात एका नराचे असे एकामागून एक संसार होतात, हे अलींनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. उपकरणांचा खर्च जवळजवळ शून्य.

हाच धागा पुढे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी उचलला. १९५७ मध्ये ते इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. महागडी यंत्रे नसलेल्या देशाने डोळे, वही आणि आकडेमोड यांच्या बळावर करता येणारे जीवशास्त्र करावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांनी माळटिटवीच्या घरट्यांची चिकाटीने निरीक्षणे केली.

पुण्यातले उदाहरण जास्त जवळचे. वेडा राघू मातीच्या उभ्या कडेत बीळ करून घरटे करतो. चोचीत किडा धरून तो आला आणि बिळाचे तोंड दिसेल अशा जागी माणूस उभा असला, तर तो आत शिरत नाही, जवळच्या तारेवर बसून राहतो. माणूस तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी गेला, की पक्षी पटकन आत. म्हणजे माणूस किती लांब आहे एवढेच तो पाहत नाही, त्या माणसाला काय दिसते आहे याचाही अंदाज घेतो. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी विद्यार्थ्यांना घेऊन केलेला हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला आणि प्राण्यांच्या बुद्धीवरच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जातो. लागले काय, तर उभे राहायला दोन जागा आणि घड्याळ. बाकी सगळे प्रश्न नेमका विचारण्यात होते.

प्रत्यक्ष काम

नव्याने लागलेल्या सहायकाचे पहिले काही आठवडे वर्तनसूची करण्यात जातात. प्राणी करतो त्या प्रत्येक गोष्टीला नाव आणि व्याख्या द्यायची. ‘रागावला’ असे लिहायचे नाही. ‘भुवया उंचावून, तोंड उघडून, दोन हातांच्या आत पुढे आला’ असे लिहायचे. वर्तनशास्त्रज्ञ जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींची जी शिस्त घालून दिली ती आजही पाळली जाते. एक पद्धत म्हणजे ठरावीक वेळ एकाच प्राण्यावर नजर ठेवून त्याचे सगळे टिपणे, मग शेजारी कितीही मोठी मारामारी होवो. दुसरी म्हणजे दर काही मिनिटांनी टोळीवरून एकदा नजर फिरवून प्रत्येक जण त्या क्षणी काय करतो आहे ते लिहिणे. मारामारीकडे पाहायचे नाही, हे शिकायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर काही दशके काम केले. पोळ्यातल्या प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे, म्हणजे लाल-पिवळी कोण आणि पांढरी-निळी कोण ते ओळखता येते. या जातीची राणी भांडखोर नाही, उलट थंड. तिला काढून घेतले की कामकऱ्यांपैकी एक एकाएकी आक्रमक होते आणि काही दिवसांत अंडी घालू लागते. बाकीच्या तिच्याशी वाद घालत नाहीत. ही एक ओळ लिहिण्यामागे अनेक विद्यार्थ्यांची वर्षे आहेत.

त्याच संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या प्रयोगशाळेत रातकिड्यांच्या आवाजाचा अभ्यास चालत आला आहे. झाडावरच्या रातकिड्याच्या एका जातीचा नर पानाच्या मधोमध भोक कुरतडतो आणि त्यात बसून गातो. पान कर्ण्यासारखे काम करते आणि आवाज वाढतो. हा उद्योग प्रामुख्याने लहान चणीचे, दबक्या आवाजाचे नर करतात. याच प्रयोगशाळेत पीएच.डी. केलेल्या नताशा म्हात्रे आज कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठात याच किड्यांवर काम करतात. कोलकात्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. तिथे प्रयोगशाळा म्हणजे चहाची टपरी, बसथांबा आणि गल्ली, आणि प्रयोगाचे साहित्य म्हणजे दोन वाट्या व बोटाने दाखवणारा एक अनोळखी माणूस.

शिक्षण, परीक्षा आणि मानधन

पदवीला प्राणिशास्त्र असले तर सोयीचे, पण अट नाही. सांख्यिकी, अभियांत्रिकी, मानसशास्त्र, पशुवैद्यक अशा कुठल्याही बाजूने लोक येतात. एम.एस्सी.साठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला २००४ साली सुरू झालेला वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम ही दोन नावे आधी घेतली जातात. जागा मोजक्याच. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधतेचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. आयसर संस्थांत बारावीनंतर थेट पाच वर्षांचा मार्ग आहे.

पुढे पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा, जीवविज्ञान विषयात. तिच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आणि वर्तन यांचे स्वतंत्र प्रकरणच आहे. गेटमध्येही ‘इकॉलॉजी अँड इव्होल्युशन’ हा पेपर असतो. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. पीएच.डी.नंतरच्या संशोधन सहयोगी पदाला ५८,००० पासून पुढे. आकडे कागदावर ठीक आहेत. पैसे वेळेवर येतात का, हा वेगळा प्रश्न, आणि अधिछात्रांच्या आंदोलनांत तो वारंवार पुढे आला आहे.

खरी ठेच लागते ती प्रकल्पाच्या मुदतीची. निधी तीन वर्षांचा, वानराचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. प्रकल्प संपला की सहायक जातो, आणि त्याच्याबरोबर कोणते वानर कोणाचे पोर ही ओळखही जाते. धारवाडच्या रानात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांच्या टोळीवर नव्याने कब्जा केलेले नर आधीची पिल्ले मारतात हे नोंदवले. त्यावर पुढची कित्येक वर्षे जगभर वाद झाला, आणि तो जोधपूर व अबूच्या टोळ्यांच्या लांब पल्ल्याच्या नोंदींशिवाय पुढे सरकला नसता. अशा नोंदी ठेवणारे कायम पद असावे, असे वाटणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे.

बिनपगारी ‘स्वयंसेवक’ हा आणखी एक प्रकार. जेवण-राहणे दिले म्हणजे झाले, अशी समजूत असलेली क्षेत्रस्थानके देशात आहेत आणि परदेशातही. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात तोच मग अनुभव मिळवतो.

शेत, गोठा आणि बिबट्या

वर्तनाचे ज्ञान पोटापाण्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते ते बहुधा शेतीत. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा नर पतंग मादीच्या गंधामागे जातो. तोच गंध कृत्रिमरीत्या करून कामगंध सापळ्यात ठेवला की नर अडकतात. हेक्टरी ५ सापळे लावावेत आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले तर फवारणीचा विचार करावा, हा सल्ला विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात या अळीने हाहाकार केला, त्यानंतर तर जास्तच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आणि कृषी विद्यापीठांत हे काम कीटकशास्त्रज्ञाच्या नावाने चालते, पण ते शंभर टक्के वर्तनशास्त्र आहे. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. सातेरी मधमाशी पेटीत का टिकते आणि आग्या मधमाशी का टिकत नाही, हा प्रश्नही याच घरचा.

गोठ्यात म्हशीचा मुका माज ही जुनी डोकेदुखी. म्हैस माजावर येते पण ओरडत नाही, आणि रेतनाची वेळ हुकते. गळ्यातल्या पट्ट्याने हालचाल मोजून माज ओळखणारी उपकरणे आता बाजारात आहेत. ती बनवणाऱ्या कंपन्यांना जनावराची चाल, रवंथ आणि बसणे-उठणे वाचता येणारी माणसे लागतात. ही वाट एम.एस्सी. झालेल्या मुलांच्या नजरेत अजून फारशी आलेली नाही.

वनखात्याशी जोडलेले काम बिबट्यांमुळे वाढले. जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत हल्ले वाढले, तेव्हा पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याची पद्धत होती. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले की अशा स्थलांतरानंतर सोडलेल्या जागेभोवती हल्ले वाढतात. ‘आजोबा’ नाव दिलेल्या एका बिबट्याच्या गळ्यात २००९ मध्ये जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडले. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. वाटेत महामार्ग, रेल्वेरूळ, वस्त्या. २०११ च्या डिसेंबरात वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच वर्षी केंद्राने बिबट्या-मानव संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यांत सरसकट पकडून हलवण्यावर भर नव्हता. टेलिमेट्री (पट्ट्यावरून प्राण्याचा माग काढणे), कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आणि गावकऱ्यांशी बोलणे, या तिन्ही गोष्टी येणाऱ्याला या कामात मागणी आहे. तिसरी गोष्ट पदवीत शिकवत नाहीत. कोकणात वानर-माकडांच्या उपद्रवावर असेच शांतपणे केलेले काम हवे आहे.

अनुसूचीतल्या प्राण्याला हात लावायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची. नुसते पाहायचे असले तरी अभयारण्यात वनखात्याचे पत्र हवेच. कित्येकांचा पहिला हंगाम या पत्राच्या वाटेकडे डोळे लावण्यात जातो.

परदेशातल्या वाटा

जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत पीएच.डी. ही करारावरची पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. कॉन्स्टान्झ इथली माक्स प्लांक प्राणिवर्तन संस्था २०१९ पासून स्वतंत्रपणे काम करते आहे. अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेली अ‍ॅनिमल बिहेव्हियर सोसायटी उपयोजित वर्तनतज्ज्ञांना प्रमाणपत्र देते, आणि त्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाबरोबर अनुभवाची अट असते. पाळीव कुत्रा चावतो, मांजर घरभर मुतते, अशा तक्रारी घेऊन लोक या प्रमाणपत्रधारकांकडे जातात. मुंबई-पुण्यातही असा सल्ला देणारे आता बरेच आहेत. त्यांतले काही उत्तम काम करतात, पण त्यांच्यासाठी इथे कायद्याने ठरवलेला परवाना नाही, म्हणून ‘डॉग बिहेव्हियरिस्ट’ अशी पाटी दोन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेल्यालाही लावता येते.