माशांची सकाळ आणि गुरुवारची लाइट

आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, साधारण चार तास. फिशटँकच्या दिव्याला मी गोल चकतीचा टायमर लावला होता: दुपारी २ ला चालू, रात्री १० ला बंद. पहिल्या गुरुवारनंतर दिवा संध्याकाळी ६ ला लागायला लागला, दुसऱ्यानंतर रात्री १० ला. घरात कोणाचंच लक्ष नव्हतं. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर हॉलमध्ये लख्ख उजेड आणि टेट्रा मासे रात्रपाळीला हजर. असेच सहा गुरुवार गेले असते, तर टायमर बरोबर २४ तास मागे पडून आपोआप वेळेवर आला असता!

टायमर बिघडलेला नव्हता. या चकतीमागे एक छोटी मोटर असते, सिंक्रोनस जातीची. घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात आणि ही मोटर त्या तालावरच फिरते. दिवसाला ४३,२०,००० आवर्तनं झाली, की दातेरी चाकांच्या साखळीतून चकतीचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणजे या टायमरला वेळ कळत नाही, तो विजेच्या लाटा मोजतो. लाटा थांबल्या, की त्याच्यापुरता दिवसही थांबतो.

२०१८ च्या सुरुवातीला युरोपात अशीच गंमत झाली होती. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादात वीज कमी पडली, वीजजाळ्याची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० च्या किंचित खाली रेंगाळत राहिली आणि खंडभरातली ओव्हनवरची, रेडिओवरची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. आपल्याकडेही वारंवारिता थोडी खालीवर होते. दिवसभर ती ४९.९५ राहिली, तर चकती दीड मिनिटानं मागे पडेल. माशांना त्याचं सोयरसुतक नाही. चार तासांचं मात्र आहे.

माशांना पापण्या नसतात, त्यामुळे टँकमधला अंधार आपणच द्यायचा. उजेड-अंधारावर दिवस ठरवणाऱ्या माशांचं सगळ्यात नीट तपासलेलं उदाहरण म्हणजे आपल्याच उपखंडातला पट्टेरी झेब्राफिश. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे आणि तिथे त्याला साधारणपणे १४ तास उजेड, १० तास अंधार असं वेळापत्रक असतं. दिवे लागले, की थोड्याच वेळात तो अंडी घालतो, कारण त्याच्या लेखी ती पहाट असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या माशाचं हृदय आणि मूत्रपिंड शरीराबाहेर काढून बशीत वाढवलं, तर त्या अवयवांनीही उजेड-अंधाराप्रमाणे आपलं घड्याळ लावून घेतलं. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी सकाळ झाल्याचं कळतं! दर आठवड्याला पहाट चार तास सरकवणं म्हणजे अशा प्राण्याला न विचारता विमानप्रवास घडवणं.

वनस्पतींच्या टँकला इतका उजेड लागत नाही. नव्या टँकला ६ तास, रुळलेल्याला ८ तास पुष्कळ होतात. त्यापुढचा उजेड बहुतेक वेळा शेवाळाच्या पदरात पडतो. दुपारी मध्येच दोन-तीन तास दिवा बंद ठेवला, की शेवाळ हटतं असं बरेच हौशी लोक सांगतात. माझा यावर फारसा विश्वास नाही. पण सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि रात्री जेवताना टँक बघायला मिळतो, हा फायदा खरा.

आता निवड. ज्यांच्याकडे लाइट जात नाही, किंवा ज्यांचा बोर्ड इन्व्हर्टरवर आहे, त्यांनी खुशाल चकतीवाला घ्यावा. काठावर ९६ दाते, प्रत्येक दाता १५ मिनिटांचा, शिकायला काही नाही, आजीसुद्धा लावील. बाकीच्यांनी आत बॅटरी असलेला डिजिटल बघावा. त्यात सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो आणि लाइट गेली तरी बॅटरीवर घड्याळ चालू राहतं. दुकानात पडून ही बॅटरी बहुधा उतरलेली असते. तेव्हा आधी काही तास सॉकेटमध्ये ठेवून चार्ज करा, मग वेळ लावा. ‘रँडम’ नावाचं बटण मात्र दाबू नका. घर बंद असताना चोरांना चकवण्यासाठी ते दिवा मनमानी लावतं, विझवतं.

वायफायचे प्लग मला टँकसाठी फारसे पटत नाहीत. ते वेळ इंटरनेटवरून घेतात, म्हणजे लाइट आल्यावर आधी राउटर जागा व्हायला हवा. काही प्लग ठरलेल्या क्षणीच हुकूम बजावतात. तो क्षण लाइट नसताना निघून गेला, तर त्या दिवशी टँक अंधारातच. घ्यायचाच असेल, तर लावल्यावर मुद्दाम मेन स्विच बंद करून एकदा परीक्षा घ्या.

टायमरवर ‘१६ अँपिअर, ३६८० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा गीझरसारख्या, नुसतं तापणाऱ्या उपकरणांसाठी. ३० वॅटचा एलईडी दिवा चालू असताना जेमतेम ०.१३ अँपिअर घेतो, पण लागण्याच्या क्षणी त्याच्या अडॉप्टरमधला वीज साठवणारा रिकामा कपॅसिटर एकदम भरतो आणि हजारांश सेकंदापुरता त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. रोज हा दणका बसून रिलेचे, म्हणजे टायमरच्या आतल्या स्विचचे, संपर्क कधीतरी चिकटतात. मग टायमर ‘टिक’ करतो, आकडे बदलतात, दिवा मात्र विझत नाही. म्हणून एलईडीसाठी वेगळा आकडा दिलेला टायमर मिळाला, तर तोच घ्यावा.

टायमर आणण्याआधी घरी एक तपासणी करा. दिवा चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. स्पर्शाच्या बटणाचे कित्येक दिवे अशा वेळी बंदच राहतात, त्यांना पुन्हा बोट लावावं लागतं. अशा दिव्यापुढे कुठलाही टायमर फुकट आहे.

टायमरवर फक्त दिवाच ठेवा. फिल्टर बंद राहिला, की त्यात राहणाऱ्या, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचा ऑक्सिजन तुटतो. हीटरला तापमान बघून चालू-बंद करणारा स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. आणि वायर बोर्डात जाण्याआधी बोर्डाच्या खाली एक झोळ देऊन वर आणा. टँकमधून वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंब होऊन जमिनीवर पडतं, टायमरमध्ये शिरत नाही.

मी शेवटी बॅटरीवाला घेतला. चकतीवाला आता देवघरातल्या दिव्यांच्या माळेला आहे आणि गुरुवारी चार तास मागे पडतो. शुक्रवारी सकाळी पूजेच्या वेळी आई चकती फिरवून जागेवर आणते.