पक्षाघातानंतरची झोप आणि उशाशी लावलेलं गाणं

मिरजेत दवाखाने आणि तंबोरे शेजारीशेजारी वाढले. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे मिशन रुग्णालय सुरू केलं. त्याच्या कितीतरी आधी इथल्या शिकलगार मंडळींनी हत्यारांना धार लावायचं काम सोडून सतारी-तंबोरे घडवायला घेतले होते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले, तेव्हा उपचारासाठी त्यांना मिरजेलाच आणलं. मुलाला गाणं शिकवा, असं डॉ. भडभडे यांनी सुचवलं आणि पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य झाले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन प्लेगमधून बरे झाले, ही तर अख्ख्या मिरजेची श्रद्धा.

अशा भागात ‘गाण्यानं झोप लागते’ हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पलुसकरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी इटलीत मुसोलिनीला पुरिया राग ऐकवला आणि त्याचा निद्रानाश हटला, ही गोष्ट गाणारी मंडळी आजही रंगवून सांगतात. पण त्या रात्री कुणी काही मोजलेलं नव्हतं. गाण्यानं झोप येते असं वाटणं आणि ती किती, कुणाला, कशानं येते हे तपासणं, यांच्यात बरीच वर्षं गेली.

संगीतोपचार हा व्यवसाय म्हणून उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत वादक जाऊ लागले, तिथून शिक्षणक्रम निघाले आणि १९५० साली राष्ट्रीय संघटना झाली. पक्षाघाताकडे संगीत वळलं ते बोलणं आणि चालणं या दोन वाटांनी. डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेलेले काही रुग्ण शब्द बोलू शकत नाहीत, पण ओळखीचं गाणं गुणगुणतात. १९७३ साली बोस्टनच्या संशोधकांनी त्यावरून सुरांच्या आधारे बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. पुढे १९९०च्या दशकात मायकेल थाउट यांनी ठेक्यावर पाऊल टाकायला लावून रुग्णांची चाल सुधारते, हे दाखवलं.

झोप मात्र या यादीत नव्हती. ‘वारं गेलं’ म्हटलं की घरच्यांचं आणि डॉक्टरांचं सगळं लक्ष हात, पाय आणि जिभेकडे. रात्री पेशंट टक्क जागा असतो हे सोबत झोपणाऱ्या बाईला माहीत असतं, पण सकाळच्या राउंडला ते विचारलंच जात नाही. खरं तर कारणं ढीगभर आहेत: मेंदूत झोपेचं नियमन करणाऱ्या भागालाच बसलेला धक्का, लुळ्या खांद्याची कळ, रात्रीत अनेकदा लागणारी लघवी, वॉर्डातले दिवे, दिवसाची डुलकी आणि ‘आता मी घराला ओझं झालो’ हा विचार. झोपेच्या गोळीनं तोल जाऊन पडायची आणि दिवसभर गुंगी राहायची भीती, म्हणून औषधाशिवायचे उपाय शोधणं भाग पडलं.

दोन कामं मला या प्रवासातली महत्त्वाची वाटतात. तैवानमध्ये हुई-लिंग लाई आणि मॅरियन गुड यांनी झोपेची तक्रार असलेल्या साठीपुढच्या ६० जणांचा अभ्यास केला. तो २००५ साली छापून आला. संगीताच्या गटाला झोपताना रोज ४५ मिनिटं संथ संगीत, तीन आठवडे. सहा टेपांतली हवी ती निवडायची, त्यांत पाश्चात्त्य संगीताबरोबर चिनी संगीतही होतं. झोप सुधारली. दुसरं काम हेलसिंकीचं. टेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पक्षाघाताच्या ६० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटानं दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीचं संगीत ऐकलं, दुसऱ्यानं ध्वनिपुस्तकं, तिसऱ्यानं यांपैकी काही नाही. संगीतवाल्यांची शाब्दिक स्मरणशक्ती आणि लक्ष जास्त सुधारलं, उदासी कमी राहिली. ते निष्कर्ष झोपेबद्दलचे नव्हते. पण आजार नुकताच झालेला असताना, पडल्यापडल्या नुसतं ऐकणंही उपयोगी पडू शकतं, हे त्यातून पुढे आलं.

२०२२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात निद्रानाश असलेल्या प्रौढांवरचे १३ अभ्यास, १००७ माणसं एकत्र तपासली गेली. संगीत ऐकणाऱ्यांनी स्वतः सांगितलेला झोपेचा दर्जा सुधारलेला दिसला. यंत्रानं मोजलेल्या झोपेचा पुरावा तितका पक्का नाही. शिवाय यातली बहुतेक माणसं पक्षाघाताची नव्हती, म्हणून आकडे सरळ उचलून आपल्या पेशंटला लावू नयेत.

तरी उपाय स्वस्त आहे आणि घरोघरी होतोच आहे. तासगाव-वाळव्याकडच्या कुठल्याही घरात सोप्यातल्या कॉटवर पेशंट आणि उशाशी मोबाईलवर अभंग, हे दृश्य नेहमीचं. अडचण बारीकसारीक गोष्टींत असते. अभंग संपतो न संपतो तोच मोठ्या आवाजात जाहिरात येते आणि लागलेला डोळा उघडतो. गाणी आधी उतरवून घेतली आणि अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप बंद होतील अशी सोय केली, की हे टळतं. एका हातानं फोन बंद करणं पेशंटला जमतंच असं नाही. आणि ज्याची वाचा गेली आहे त्याला ‘हे गाणं नको’ हेही सांगता येत नाही. सुनेला आवडतं म्हणून त्यानं रात्रभर तेच ऐकायचं, हा अन्याय आहे. दोन-तीन गाणी वाजवून त्याच्या चेहऱ्याकडे बघावं, मान हलवून होय-नाही घ्यावं. भीमसेनांचा अभंग असो, नाट्यपद असो की जुनं लावणीचं रेकॉर्ड, निवड त्याची. आवाज हळू आणि चाल संथ, एवढं आपण पाहावं.

आणखी एक. पक्षाघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो. पेशंट मोठ्यानं घोरतो, मधेच श्वास थांबतो, मग दचकून हुंदका दिल्यासारखा सुरू होतो, असं रात्री दिसलं तर गाण्याच्या भरवशावर राहू नये. फोनवर त्याचाच छोटा व्हिडिओ काढून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवावा. त्या त्रासाची तपासणी वेगळी असते आणि उपचारही, बऱ्याचदा मास्क लावून हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा.