सांगलीचे डॉक्टरकाका आणि इंग्लंडचा जीपी

आईला फोनवर सहज म्हणाले, "उद्या सकाळी सर्जरीत जायचंय." पलीकडे एकदम शांतता. मग बाबांचा आवाज आला, "कसली सर्जरी? काय झालंय? लपवू नकोस." इंग्लंडमध्ये जीपीच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात, तिथे कापाकापी काही होत नाही, हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. माझ्या कानात दडे बसले होते, एवढंच.

सर्जरी या शब्दाचा घोळ निदान दहा मिनिटांत मिटतो. जीपी या शब्दाचा वर्षानुवर्षं मिटत नाही, कारण तो आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. जीपी म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, असं धरूनच इकडे येणारा मराठी माणूस पहिल्या महिन्यात सर्जरीत नाव नोंदवतो. पहिला ताप येतो, पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी प्या असं सांगून घरी पाठवलं जातं, आणि मग दिवाळीच्या फराळाला जमलेल्या प्रत्येक घरात तीच तक्रार ऐकू येते: "यांच्यापेक्षा आमचे गावाकडचे डॉक्टर बरे." मी अकरा वर्षं इकडे आहे. पहिली दोन-तीन वर्षं मीही हेच म्हणत होते.

फरक समजून घ्यायचा तर डॉक्टरांच्या स्वभावापासून सुरुवात करू नये, पैशापासून करावी.

सांगलीतल्या आमच्या डॉक्टरकाकांना पैसे मिळतात ते पेशंट आला तर. तपासणी, एखादी सुई, दोन दिवसांच्या गोळ्यांच्या पुड्या, सगळं धरून एक रक्कम हातावर ठेवायची. म्हणजे पेशंटला बरं वाटणं, तेही लवकर वाटणं, आणि पुढच्या वेळी त्यानं याच पायऱ्या चढणं, यावर त्यांचा दवाखाना चालतो. 'हाताला गुण आहे' ही त्यांची खरी जाहिरात. त्यातूनच चांगलं निघतं आणि त्यातूनच वाईटही. आजोबांना रात्री धाप लागली तेव्हा ते लुंगीवर शर्ट चढवून स्कूटरवरून आले होते. आणि साध्या सर्दीला पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक देणारेही तेच. व्हायरल ताप अँटिबायोटिकनं जात नाही हे त्यांना माहीत नाही असं थोडंच आहे? पण पेशंट रिकाम्या हातानं परत गेला तर तो समोरच्या गल्लीतल्या दवाखान्यात जाईल, हेही त्यांना माहीत आहे. अशक्तपणा वाटला की "एक सलाईन लावून टाका" असं आपणच म्हणतो, डॉक्टर नव्हे.

इंग्लंडच्या जीपीचं गणित बरोबर उलटं आहे. एनएचएस, म्हणजे इकडची सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. रुग्णालयं सरकारनं ताब्यात घेतली, पण जीपी मंडळींना पगारी नोकर व्हायचं नव्हतं. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्याशी बरीच ओढाताण झाली आणि तोडगा असा निघाला की जीपी स्वतंत्र राहतील आणि सरकार त्यांना करारानं काम देईल. ही व्यवस्था बहुतांशी आजही तशीच आहे. सर्जरीच्या यादीत जितकी माणसं, त्या हिशेबानं सरकार पैसे देतं. इंग्लंडमध्ये २०२५ च्या आसपास माणशी वर्षाला साधारण शंभर ते सव्वाशे पौंड, वय आणि आजार पाहून कमीजास्त. तुम्ही वर्षभरात एकदा गेलात काय नि बारा वेळा गेलात काय, त्या रकमेत फरक पडत नाही. म्हणून तुम्हाला परत बोलावण्यात त्यांचा फायदा नाही, आणि तुम्हाला खूश ठेवण्यातही नाही. ते सुई देत नाहीत हा कंजूसपणा नव्हे, पण नको असलेली सुई देण्याचं त्यांना काही कारणच नसतं. दुसरी बाजूही याच गणितातून येते: तुम्ही आला नाहीत तर त्यांचं अडत नाही.

हे 'अडत नाही' प्रत्यक्षात कसं दिसतं? सकाळी आठला फोन सुरू होतात. आठ वाजून एक मिनिटानं मी लावते तेव्हा माझा नंबर रांगेत एकविसावा असतो. तासाभरानं रिसेप्शनवरची बाई उचलते आणि विचारते, काय होतंय? ही डॉक्टर नाही, नर्स नाही, हिला का सांगू, असं आपल्या बायकांना हमखास वाटतं. माझ्या एका मैत्रिणीनं लाजेपोटी "पोट दुखतंय" एवढंच सांगितलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख घेऊन बसली. खरं कारण सांगितलं असतं तर त्याच दिवशी बोलावलं असतं, कारण तो प्रश्न चौकशीसाठी नसतोच, कोणाला आधी आणि कोणाकडे पाठवायचं हे ठरवण्यासाठी असतो. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये घसादुखी, लहान मुलांचा कान, बायकांचा लघवीचा साधा जंतुसंसर्ग अशा सात तक्रारींसाठी औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. आपल्याकडे मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेणं हा तसा जुनाच प्रकार. इकडे त्याला नियमांची चौकट घालायला इतकी वर्षं लागली, याची मला थोडी मौज वाटते.

दुसरा मोठा फरक दाराचा आहे. सांगलीकराचा गुडघा दुखला की तो रिक्षा करून थेट मिरजेला हाडांच्या डॉक्टरकडे जातो. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी घेतली तर घेतली, नाहीतर शेजाऱ्याचा सल्ला पुरतो. एनएचएसमध्ये अपघात किंवा तातडीचं काही सोडलं, तर बहुतेक तज्ज्ञांपर्यंत जाण्याचा रस्ता जीपीच्या टेबलावरून जातो. जीपीनं पत्र लिहिल्याशिवाय रुग्णालयाची तारीख नाही. हे दार सांभाळणं हेच त्याचं मुख्य काम, आणि त्यासाठी त्याचं शिक्षणही वेगळं असतं: डॉक्टरकीची पाच-सहा वर्षं, मग दोन वर्षं रुग्णालयात, मग फक्त जीपी होण्यासाठी आणखी तीन. तो 'स्पेशालिस्ट होता आलं नाही म्हणून जीपी' नसतो. आपल्याकडे पाटीवर एमबीबीएस असेल, बीएएमएस असेल, बीएचएमएस असेल, लोकांच्या लेखी सगळे फॅमिली डॉक्टरच.

दाराचा जाच मी भोगलाय. कानाचं ते दुखणं लांबलं, जीपीनं पत्र लिहिलं आणि रुग्णालयाची तारीख आली सात महिन्यांनंतरची. तोवर कान आपोआप बरा झाला होता. नियमाप्रमाणे १०० पैकी ९२ रुग्णांचे उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. २०१६ पासून इंग्लंडमध्ये हे प्रमाण गाठलं गेलेलं नाही. प्रतीक्षायादीवरचा आकडा २०२२ मध्ये सत्तर लाखांच्या वर गेला आणि खाली येतोय तो अगदी रडतखडत. ज्यांना परवडतं ते विमानाचं तिकीट काढून पुण्यात एमआरआय करून येतात, आणि ते त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

पण त्याच दारानं दुसरंही दाखवलं. ओळखीतल्या एकीला छातीत गाठ लागली. सोमवारी जीपीनं तपासलं, तातडीच्या कर्करोग-तपासणीचं पत्र त्याच दिवशी गेलं, दुसऱ्या आठवड्यात मॅमोग्राफी आणि सुईनं नमुना. मग शस्त्रक्रिया, मग केमो. वर्षभरात एकदाही तिच्यापुढे बिल आलं नाही, आणि कुठल्या रुग्णालयात पाठवलं तर कोणाला किती टक्के मिळतील, असा संशयही मनात यायची गरज पडली नाही. कट प्रॅक्टिस हा शब्द मी तिला समजावून सांगत होते तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या इंग्रज नवऱ्याला तो कळेचना.

आता आठवणीची गोष्ट. डॉक्टरकाकांना माहीत आहे की माझ्या आजीला पेनिसिलिन चालत नव्हतं, बाबा साखर लपवून खातात आणि आईची डोकेदुखी परीक्षेच्या महिन्यात वाढायची कारण आम्ही दोघी बहिणी दहावी-बारावीला होतो. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट आहेत, बाकी सगळं त्यांच्या डोक्यात. कोल्हापूरच्या आत्याचे डॉक्टर अचानक गेले तेव्हा तिच्या तीस वर्षांच्या आजारांचा इतिहास त्यांच्याबरोबर गेला. बीपी नेमकं कधी सुरू झालं हे नव्या डॉक्टरांना आत्यानं "धाकट्याच्या लग्नाच्या आसपास" असं सांगितलं.

इकडे प्रत्येकाला दहा आकडी एनएचएस क्रमांक असतो आणि सर्जरी बदलली तर माहिती मागोमाग जाते. कोणी, कधी, काय लिहिलं ते मी मोबाइलवर वाचू शकते. २००४ पासून तर मधुमेह, रक्तदाब यांच्या नोंदी नीट ठेवल्या, वेळेवर तपासण्या केल्या, तर सर्जरीला वेगळे पैसे मिळतात. त्यामुळे माझं बीपी मोजल्याशिवाय मला सोडत नाहीत. पण मोजणारा दर वेळी नवा. पाच भेटींत पाच डॉक्टर, प्रत्येकी दहा मिनिटं, त्यातली पहिली तीन पडद्यावर वाचण्यात. माझ्या नावाचा उच्चार अकरा वर्षांत एकालाही जमलेला नाही. इथले म्हातारे इंग्रज सांगतात की त्यांच्या लहानपणी जीपी घरी यायचा, आईला नावानं हाक मारायचा. म्हणजे ते ज्याची आठवण काढतात तो डॉक्टरकाकाच.

खरं तर इकडच्या जीपीचा महाराष्ट्रातला जवळचा नातेवाईक फॅमिली डॉक्टर नव्हेच. तो आहे प्राथमिक आरोग्य केंद्राचा मेडिकल ऑफिसर. जिल्हा परिषदेच्या या केंद्रांकडे साधारण ३०,००० लोकसंख्या, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,०००. लसीकरण, बाळंतपण, साथीचे रोग आणि गरज पडली तर पुढे ग्रामीण रुग्णालयात पाठवणं, हे सगळं त्यांच्याकडे. इंग्लंडमध्ये एका जीपीमागे दोन हजारांवर माणसं झाली म्हणून ओरड होते, हे आमच्या गावाकडच्या मेडिकल ऑफिसरना सांगितलं तर ते चहा सांडतील. आपण मात्र पैसे असले की तिकडे फिरकत नाही, आणि इंग्लंडला आल्यावर सरकारी दवाखान्याकडून खासगी डॉक्टरची वागणूक मागतो.

भेटीला येणाऱ्या आईवडिलांसाठी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पर्यटक व्हिसावर आलेल्यांनाही इंग्लंडमध्ये जीपीचा सल्ला फुकट मिळतो, तात्पुरतं नाव नोंदवता येतं. अपघात विभागात तपासलं तरी पैसे नाहीत. पण तिथून रुग्णालयात दाखल केलं की मीटर सुरू, आणि तोही एनएचएसच्या दराच्या दीडपट. प्रवास विमा काढल्याशिवाय विमानात बसवू नका.

मागच्या उन्हाळ्यात बाबा आले तेव्हा त्यांना घेऊन मी सर्जरीत गेले. पाय सुजले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोजच्या गोळ्या कुठल्या? बाबांनी खिशातून कागदी पुडी काढली. त्यात कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे, एकावरही पूर्ण नाव नाही. "ही सकाळची, ही जेवणाआधीची, आणि ही बारीक रात्रीची." मी फोटो काढून डॉक्टरकाकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. इकडे साडेअकरा, म्हणजे सांगलीत दुपारचे चार; त्यांची झोपेची वेळ. पाच मिनिटांत उत्तर आलं, चारही नावं, मात्रेसकट, आणि खाली "अॅम्लोडिपिननं सूज येते कधी कधी, बंद करायला हरकत नाही. बाबांना नमस्कार सांग."

सकाळी आठला रांगेत उभं न राहता, सात हजारांवर किलोमीटरवरून मिळालेला तो सल्ला डॉक्टरीणबाईंना मी वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट शेवटच्या नावावर थांबलं. रात्रीची बारीक गोळी अल्प्राझोलाम होती. एनएचएसवर ती लिहूनही देत नाहीत, आणि तिची सवय लागते. किती दिवसांपासून घेताय, असं त्यांनी मला विचारलं आणि मी बाबांना.

"झाली असतील आठ-नऊ वर्षं," बाबा म्हणाले. "झोप येत नव्हती म्हणून दिली होती. बंद कर असं कुणी सांगितलंच नाही."