एक झाड, एक भिंग, एक वही : निरीक्षण-पेटी वापरण्याआधी वाचावे असे काही

नमस्कार,

आमची निरीक्षण-पेटी घेतल्याबद्दल मनापासून आभार. पेटीत दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, कोरी वही आणि पेन्सिल आहे, पानं-फुलं दाबायच्या दोन लाकडी फळ्या आणि टिपकागद आहेत. शिवाय काळ्या पाकिटात उन्हावर छापायचे कागद आहेत. ते पाकीट मात्र हे पत्रक वाचून होईपर्यंत उघडू नका.

आम्हाला नेहमी विचारलं जातं : बाग नाही, खिडकीत दोन कुंड्या आहेत, तेवढ्यावर काय सुचणार? आमचं ठाम मत असं, की दोन कुंड्या पुष्कळ झाल्या. मोठ्या बागेत नजर भिरभिरते, सगळंच सुंदर वाटतं आणि घरी आल्यावर कागदावर काही उतरत नाही. एकाच झाडाकडे परत परत गेलात, तर ते झाडच तुम्हाला नक्षी, रंग आणि रचना पुरवत राहतं.

बर्लिनमध्ये कला शिकवणारे कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी हेच केलं. विद्यार्थ्यांपुढे नमुने ठेवता यावेत म्हणून ते साधे कोंब, कळ्या, बोंडं, देठ यांचे फोटो काढत, कॅमेराही स्वतः बनवलेला. काही फोटोंत मूळ वस्तू तीसपट मोठी दिसते. त्यातली बरीचशी झाडं रानात, रस्त्याकडेला आपसूक उगवणारी होती. नेच्याचं गुंडाळलेलं कोवळं पान त्यांच्या फोटोत जुन्या लोखंडी कठड्यावरच्या वेलबुट्टीसारखं दिसतं. १९२८ मध्ये हे फोटो पुस्तकरूपाने आले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचंही तसंच. जिव्हर्नीच्या घराजवळ त्यांनी १८९३ मध्ये जमीन घेऊन तळं केलं आणि त्या एका तळ्यातल्या वॉटर लिलींची सुमारे अडीचशे चित्रं काढली.

भिंग कसं धरायचं

बहुतेक जण भिंग फुलापाशी धरतात आणि स्वतः लांबून बघतात. उलट करा. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि फूल हळूहळू त्याच्याकडे आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर सगळं एकदम स्पष्ट होईल.

सुरुवात एकेरी जास्वंदीपासून करा. पाच पाकळ्या आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या एकमेकींवर कशा बसल्या आहेत ते बघा : प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी कड पलीकडचीच्या खाली. कळी पिळल्यासारखी दिसते ती यामुळेच. मधून जो लांब दांडा बाहेर येतो, ती पुंकेसरांची नळी. तिच्यावर चहूबाजूंनी परागकोश आणि अगदी टोकाला पाच मखमली गोळे. परागकण एवढे मोठे असतात की भिंगाखाली दाणा न् दाणा सुटा दिसतो. पाकळीच्या तळाशी गडद रंग शिरांवरून वर कसा पसरतो, तेही बघाच. एवढ्या एका फुलात भरतकामाच्या बुट्टीपासून साडीच्या काठापर्यंत बरंच काही दडलेलं आहे.

मग पुदिन्याची काडी घ्या. बोटांत फिरवली की कळेल, ती गोल नाही, चौकोनी आहे. पानं जोडीजोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. वरून पाहिलं की अधिक चिन्हासारखी आकृती दिसते. सूर्यफुलाच्या तबकडीत हिशोब वेगळा. तिथे एकामागून एक येणारी बारीक फुलं सुमारे १३७.५ अंशांच्या कोनात वळत जातात, त्यामुळे जागा वाया जात नाही आणि उलटसुलट फिरणारे सर्पिल तयार होतात. ते मोजले तर बहुधा ३४ आणि ५५, किंवा ५५ आणि ८९ निघतात. एकदा स्वतः मोजून बघा, बोटाने खूण करत. वेळ लागतो, पण नंतर कुठलीही गोल नक्षी काढताना हात वेगळा चालतो.

वहीत काय उतरवायचं

फोटो नंतर काढा, आधी पेन्सिल घ्या. पान जमत नसेल तर पान काढूच नका, दोन पानांमधली मोकळी जागा काढा. त्या जागेला आपण काही नाव दिलेलं नसतं, म्हणून डोळा ती जशी आहे तशी बघतो आणि पानांचा आकार आपोआप बरोबर येतो.

तेच झाड सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला बघा. अंधारू लागलं की आपल्या डोळ्याला लाल रंग काळपट वाटू लागतो आणि निळे रंग उजळतात. दुपारी भडक दिसणारा लाल गुलाब तेव्हा जवळजवळ हरवतो, गोकर्ण मात्र उठून दिसते. रंगसंगती शोधणाऱ्यांनी ही वेळ चुकवू नये.

उन्हावरची निळी छपाई

ही पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी याच पद्धतीने समुद्री शेवाळांच्या छपाया करायला सुरुवात केली. त्या आजही बघत राहाव्यात अशा आहेत.

कागदावर लोहाच्या क्षारांचा थर आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो बदलतो. जिथे पान असेल तिथे ऊन पोचत नाही आणि कागद पांढरा राहतो. अंधाऱ्या खोलीत कागद काढा, त्यावर चपटं पान ठेवा (नेचा उत्तम), वर स्वच्छ काच दाबा आणि उन्हात न्या. कडक उन्हात पाच ते पंधरा मिनिटं पुरतात. बंद खिडकीच्या काचेआडून जास्त वेळ लागतो. उघडा भाग राखाडी झाला की साध्या पाण्यात, पिवळेपणा निघून जाईपर्यंत धुवा. वाळताना निळा आणखी गडद होतो. साबण किंवा सोडा लावू नका, निळा रंग उडतो. पुढे कधी उन्हाने छापा फिका पडलाच, तर काही दिवस अंधारात ठेवा, रंग बराचसा परत येतो.

फळ्यांबद्दल थोडंसं : टिपकागद पहिले काही दिवस रोज बदला, ओल राहिली की पानं काळी पडतात. जाड फुलं उभी चिरून दाबा. पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होतात, पिवळ्या चांगल्या टिकतात.

एक कळकळीची विनंती. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यांना घातक. या झाडांना हात लागला तर लगेच धुवा, मुलांना ती हाताळू देऊ नका. सार्वजनिक बागेतून काही तोडू नका, खाली पडलेलं पुरेसं असतं.

छपाईचे कागद आणि टिपकागद सुटेही मिळतात. मागवताना पेटीच्या झाकणाच्या आतला क्रमांक कळवा, म्हणजे तुमच्या फळ्यांच्या मापाचेच पाठवता येतील.