ग्रामपंचायतीकडे माहितीचा अर्ज कसा करायचा: पात्रता, कागदपत्रे, शुल्क आणि अपील

सिमेंटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडतो आणि पारावर चर्चा सुरू होते, "किती खाल्ले असतील?" हातात कागद नसेल तर ही चर्चा पारावरच विरते. तो कागद माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली कोणालाही मिळतो.

अर्जदार भारताचा नागरिक असला की पुरे. त्या गावचा मतदार किंवा घरपट्टी भरणारा असण्याची अट नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही. कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. अर्ज मंडळाच्या किंवा संस्थेच्या नावाने न करता स्वतःच्या नावाने करा. आधार कार्डाची प्रत जोडायची गरज नाही. नाव, पत्ता आणि सही एवढं बस्स.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' या नमुन्यात करतात आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावतात. रोखीने भरलेत तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क माफ आहे, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो 150 शब्दांच्या आत असावा.

बहुतेक अर्ज फसतात ते मजकुरात. माझा पहिला अर्ज होता, "रस्ता निकृष्ट का झाला?" उत्तर आलं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. तेव्हा राग आला होता, पण कायद्याने मिळते ती दप्तरात असलेली माहिती. कारणं आणि खुलासे मागून काही हाती लागत नाही. म्हणून कागद त्याच्या नावाने मागायचा. आता मी असं लिहितो:

"सन 2023-24 मध्ये 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतून वॉर्ड क्र. 2 मध्ये केलेल्या सिमेंट रस्त्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेली देयके यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात."

यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, सोडू नका. रस्त्याची लांबी, रुंदी आणि जाडी त्यात लिहिलेली असते. टेप घेऊन गेलात तर लांबी-रुंदी तिथल्या तिथे ताडून पाहता येते. कामाचं सरकारी नाव माहीत नसेल तर आधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावचा आराखडा पाहा. पंचायतीचा एकूण खर्च हवा असेल तर रोकडवही, म्हणजे नमुना 5, मागा.

अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. हे काम सहसा ग्रामसेवकच (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) पाहतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका, कारण पुढची सगळी मुदत या पोचेवरून मोजली जाते. घेतच नसतील तर अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

उत्तराची मुदत 30 दिवस. प्रतींसाठी पानामागे 2 रुपये लागतात. पैसे भरण्याचं पत्र निघाल्यापासून तुम्ही ते भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. मुदत उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. प्रती नको असतील तर दप्तर पाहायची मागणी करा, त्यासाठी पहिला तास फुकट आहे.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्यासाठी जोडपत्र 'ब' आणि 20 रुपयांचा स्टँप लागतो. अपिलीय अधिकारी सहसा पंचायत समितीत बसतात, आणि त्यांचं पदनाम कार्यालयाच्या फलकावर असायला हवं. तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. सबळ कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

प्रती हातात आल्या की त्या घेऊन ग्रामसभेला जा. तिथे मात्र तुमचं नाव गावच्या मतदार यादीत असावं लागतं. उभं राहून एमबीतला आकडा आणि टेपने मोजलेला आकडा दोन्ही वाचून दाखवा, आणि प्रश्न व उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला सांगा. पंधरा दिवसांनी त्या प्रोसिडिंगची प्रत मागा. अर्ज हाच, स्टँपही 10 रुपयांचाच.