कमांड लाइनवरील मेनू

कमांड लाइनवर, म्हणजे माउसऐवजी आज्ञा टाइप करून, चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आज्ञा पाठ नसणाऱ्यालाही पडद्यावरचे पर्याय पाहून काम निवडता यावे, यासाठी केलेली सोय. क्रमांक टाकून एंटर दाबायचा मेनू आणि बाणाच्या कळांनी वर-खाली सरकायचा मेनू, असे तिचे दोन मुख्य प्रकार.

क्रमांकाचा मेनू जुना आणि साधा. डॉस या विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात फॉक्सप्रो, क्लिपर या डेटाबेसच्या भाषांत लिहिलेली हिशेबाची पॅकेजेस मेनूवरच चालत. शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम; त्यातल्या बॅश शेलमध्ये यासाठी ‘सिलेक्ट’ आहे. ते कॉर्न शेलमधून आले. यादी दिली की क्रमांक घालून छापणे, उत्तर वाचणे, पुन्हा विचारणे हे ते स्वतः करते. मात्र यादीबाहेरचा आकडा आल्यास निवड रिकामी येते. ती तपासणे लिहिणाऱ्याकडे. त्यातून बाहेर पडायचा ‘ब्रेक’ विसरला तर मेनू प्रश्न विचारतच राहतो.

साधा म्हणून हा प्रकार कमी दर्जाचा नव्हे. सोलापुरातल्या एखाद्या चादरीच्या पेढीचा मेनू घ्या: १ चादर, २ टॉवेल, ३ नॅपकिन, ० बाहेर. बिले करणारे दिवाणजी महिन्याभरात पडद्याकडे बघणेच सोडतात. गिऱ्हाइकाने ‘टॉवेल, दोन डझन’ म्हणेपर्यंत २, एंटर, २४, एंटर दाबून झालेले असते. पुढे कोणी हुशारीने, चादरीशेजारी शोभते म्हणून, बेडशीटला २ क्रमांक दिला, तर दुपारपर्यंत टॉवेल बेडशीटच्या भावाने जातात. म्हणून नवा पर्याय शेवटी जोडावा आणि बंद झालेल्या पर्यायाचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. बाहेर पडायला शून्य ठेवायचे कारणही हेच: यादी कितीही वाढली तरी ते हलत नाही.

बाणांच्या मेनूत खरी मेहनत टर्मिनलशी, म्हणजे कळा वाचून अक्षरे दाखवणाऱ्या खिडकीशी, असते. एरवी टर्मिनल एंटर दाबेपर्यंत ओळ आपल्याजवळ ठेवते. प्रत्येक कळ लगेच मिळावी म्हणून ही सवय बंद करावी लागते. त्यात वरचा बाण म्हणजे एक अक्षर नव्हे. डेक या संगणक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून रूढ झालेल्या पद्धतीने तो सहसा २७, ९१, ६५ असे तीन आकडे पाठवतो. एस्केपची कळ नुसती २७ पाठवते. त्यामुळे २७ आल्यावर पुढे काही येते का, हे पाहत प्रोग्रॅमला क्षणभर थांबावे लागते. एनकर्सेस या असे पडदे आखणाऱ्या तयार लायब्ररीत हे थांबणे मुळात १००० मिलिसेकंदांचे असते. एस्केप दाबल्यावर मेनू रेंगाळतो तो यामुळे.

प्रोग्रॅम मध्येच कोसळला आणि टर्मिनल पूर्ववत झाले नाही, तर टाइप केलेले दिसत नाही. अशा वेळी न दिसताच ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) ही आज्ञा टाइप करावी. एंटर जुमानत नसेल तर कंट्रोल-जे दाबावे.

शेल स्क्रिप्टसाठी, म्हणजे शेलच्या आज्ञांच्या फायलीसाठी, ‘डायलॉग’ आणि ‘व्हिपटेल’ ही तयार साधने आहेत. २०१३ मध्ये आलेल्या ‘एफझेडएफ’मध्ये चार अक्षरे टाइप केली की यादीत जुळणारी नावेच उरतात, शेकडो गिऱ्हाइकांच्या नावांतून एक शोधायचे तर यापुढे बाण आणि क्रमांक दोन्ही फिके.

मराठी मेनूची अडचण वेगळीच. ‘सोलापूर’ डोळ्याला चार अक्षरे, पायथन भाषेतल्या लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ला सात, कारण ते मात्रा वेगळ्या मोजते. तो आकडा धरून चौकट आखली की उजवी रेघ वाकडी होते. ती रेघ न काढणे हाच सोपा उपाय. आकड्यांचेही तसेच. देवनागरी ३ पायथनच्या आकडा वाचणाऱ्या ‘इंट’ला चालतो, बॅशच्या ‘सिलेक्ट’ला चालत नाही.

मेनूतले प्रत्येक काम थेट आज्ञेनेही करता यायला हवे. रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीवर, लावलेल्या बॅकअपसमोर क्रमांक टाकायला कोणी बसलेले नसते. इनपुट संपले हे न तपासणारा मेनू मग सकाळपर्यंत लॉगमध्ये ‘चुकीचा पर्याय, पुन्हा निवडा’ हीच ओळ छापत बसतो.