लस वेगळी, सीरम वेगळं: कुत्रा चावल्यावर दोन-दोन इंजेक्शनं कशाला?

गेल्या पावसाळ्यात भाच्याला कुत्रं चावलं. क्लासवरून येत होता, परळला आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून दहा पावलांवर, पोटरीला, आणि नुसतं ओरखडलं असतं तर वेगळं, दोन दात चांगले आत रुतले होते, रक्त मोज्यात उतरलेलं. ताईने आल्या आल्या हळद भरली, ती मी धुवून काढली (त्यावरून बोलणीही खाल्ली), मग नळाखाली साबण लावून घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं पाय धुतला आणि जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताची टीटी मारली आणि म्हणाले रेबीजची लस उद्या मागवतो, उद्या या. उद्या कशाला? तसेच टॅक्सी करून महापालिकेच्या हॉस्पिटलात गेलो.

तिथे दोन्ही दंडांवर कातडीत जराजराशी लस टोचली, ०.१ मिली म्हणजे जेमतेम दोन थेंब, टोचल्या जागी मसुराच्या डाळीएवढा पांढरट फुगवटा आला आणि काम झालं. आम्ही उठायला लागलो तर सिस्टर म्हणाली बसा, अजून सीरम बाकी आहे. दुसरी सिरिंज चांगली भरलेली होती, आणि ती दंडात नाही तर थेट जखमेत. दाताच्या भोकाच्या कडेने सुई आत, थोडं औषध सोडायचं, बाहेर, मग दुसऱ्या कडेने आत, परत थोडं, असं करत करत चावलेली सगळी जागा फुगून टणक झाली. पोराने माझा अंगठा असा आवळला होता की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "अरे, लस तर दिली ना? मग परत हे कशाला? डबल डोस झाला तर?"

डबल डोस नाही. दोन्ही सुयांतून गेलेल्या गोष्टी एकमेकींच्या जवळजवळ उलट आहेत, पण आपण दोघींना "रेबीजचं इंजेक्शन" म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. लसीत असतो मारलेला व्हायरस, म्हणजे ज्याच्याशी लढायचं तोच, फक्त निकामी केलेला. सीरममध्ये व्हायरसचा पत्ताच नसतो, त्यात असतात त्याच्याविरुद्ध तयार अँटीबॉडीज (व्हायरसला चिकटून त्याला अडवणारी प्रोटीनं), दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात बनलेल्या, बहुतेक वेळा घोड्याच्या, नाहीतर माणसाच्या. लसीनंतर शरीराला स्वतः खपावं लागतं, सीरम म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या.

आता कुणीही विचारेल, आयतं मिळतंय तर लस हवीच कशाला? किंवा लस एवढी चांगली तर घोड्याला त्रास कशाला? दोन्हीचं उत्तर वेळेत आहे.

दंडात टोचलेली लस तिथल्या पहारेकरी पेशी उचलतात आणि काखेतल्या लिम्फ नोडमध्ये घेऊन जातात. लिम्फ नोड म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, आजी म्हणायची "अवधाण आलंय", तीच गाठ. त्या गाठीत बी पेशींची, म्हणजे पुढे अँटीबॉडीज बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, प्रचंड गर्दी असते आणि जवळपास प्रत्येकीकडचं कुलूप वेगळं असतं, त्यातल्या ज्या मोजक्या पेशींच्या कुलपात या व्हायरसचा तुकडा बसतो त्यांना टी पेशींकडून (याही पांढऱ्या पेशीच) होकार मिळावा लागतो, मग त्या दुणावत जातात, त्यातल्या काही अँटीबॉडीजचे कारखाने होतात आणि काही नुसत्याच आठवण धरून वर्षानुवर्षं बसून राहतात. हे सगळं व्हायला पहिल्या वेळी सात ते दहा दिवस लागतात, आणि भरवसा ठेवावा इतक्या अँटीबॉडीज रक्तात यायला साधारण दोन आठवडे. गाठीला घाई करता येत नाही. तो काढा आणि इम्युनिटी बूस्टरच्या गोळ्या पिऊनही नाही, हे जाता जाता.

आणि या दोन आठवड्यांत जखमेतला व्हायरस काय करतो? रेबीजचा व्हायरस रक्तात फिरत नाही, तो स्नायूत थोडा वाढतो, मग नसेत शिरतो आणि नसेनसेने मेंदूकडे सरकत राहतो. बहुतेकांना लक्षणं एक ते तीन महिन्यांनी दिसतात म्हणून तर चावल्यानंतर लस देऊन माणूस वाचवता येतो, शर्यत लावायला वेळ मिळतो. पण चावा खोल असेल, तोंडावर, मानेवर, हाताच्या बोटांवर असेल तर हा वेळ कमी होऊ शकतो आणि एकदा लक्षणं सुरू झाली की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य. नसेत शिरलेल्या व्हायरसला अँटीबॉडी सहजी गाठू शकत नाही. म्हणून सीरम जखमेतच, नस गाठायच्या आधी तिथल्या तिथे जेवढे व्हायरस सापडतील तेवढ्यांना घेरायचं. दंडात देऊन रक्तातून फिरत फिरत पोटरीत कितीसं पोचणार? त्या फुगलेल्या पोटरीचं कारण हे.

ताईला मी आमच्या सोसायटीचं उदाहरण दिलं, कारण मे महिन्यात टँकरच्या पैशांवरून मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त तीच भांडते. सीरम म्हणजे टँकर. आज बोलावला, आज आला, टाकी भरली, पण दोन दिवसांत पाणी संपलं की संपलं, टँकरवाला काही आपल्या बिल्डिंगमध्ये विहीर खोदून देत नाही. लस म्हणजे पाइपलाइन टाकणं, खोदकाम, परवानगी, आठवडे जाणार, पण नंतर पाणी आपलं. पाइपलाइन होईपर्यंत प्यायला टँकर, एवढंच नातं आहे दोघांचं. सीरममधल्या माणसाच्या अँटीबॉडीज साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात, पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या निम्म्या, आणि त्या बनवणारी पेशी आपल्याकडे नसल्यामुळे भर पडत नाही. घोड्याच्या तर त्याहून लवकर जातात.

टँकरचं उदाहरण आणखी एका ठिकाणी चपखल बसतं. टँकरने खालची टाकी काठोकाठ भरली की टाकीतला बॉल वर येतो, व्हॉल्व्ह बंद होतो आणि मग पालिकेचं पाणी आलं तरी आत येत नाही. अँटीबॉडीजचंही असंच होतं. सीरम प्रमाणाबाहेर दिलं किंवा नको त्या वेळी दिलं तर लसीतला व्हायरस आधीच झाकला जातो, गाठीतल्या पेशींना तो नीट दिसतच नाही आणि शरीर स्वतःच्या अँटीबॉडीज कमी बनवतं. म्हणून सीरम वजनाप्रमाणे मोजून, घोड्याचं किलोला ४० युनिट आणि माणसाचं २० युनिट, म्हणजे आमच्या तीस किलोच्या पोराला घोड्याचं १२०० युनिट, त्याच्या वर नाही. एकदाच. आणि पहिल्या लसीनंतर सात दिवस उलटून गेले असतील तर देतच नाहीत, कारण तोवर घरचं पाणी यायला लागलेलं असतं. लसी आणि सीरमची सुई एकाच जागी टोचत नाहीत तेही यासाठीच.

चावा किरकोळ असेल, म्हणजे उघड्या कातडीवर दात नुसते लागले, खरचटलं पण रक्त नाही, तर लस पुरते. रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, की लस अधिक सीरम. ही विभागणी जागतिक आरोग्य संघटनेची आहे आणि केसपेपरवर "कॅटेगरी तीन" लिहिलेलं असेल तर सीरम दिलं का हे स्वतः विचारा, लाजू नका.

घोड्याचं काय? तर गंमत अशी की घोड्याला आधी लसच देतात. रेबीजच्या सीरमसाठी रेबीजची, सापाच्या सीरमसाठी विषाचे अगदी थोडे थोडे, वाढत जाणारे डोस. घोडा आजारी पडत नाही, त्याच्या गाठींमध्ये वर सांगितलेला सगळा कारखाना चालू होतो, आणि मग त्याचं रक्त घेऊन त्यातल्या अँटीबॉडीज वेगळ्या काढतात. म्हणजे जी घोड्याची कमाई तीच आपली उसनवारी. परक्या प्राण्याचं प्रोटीन असल्यामुळे काहींना ते मानवत नाही, आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी येऊ शकते, त्याला सीरम सिकनेस म्हणतात. लसीने हात दुखतो, कणकण येते, पण ती स्वतःच्या पेशी कामाला लागल्याची.

साप चावला तर लसीचा प्रश्नच येत नाही, विष दोन आठवडे थांबणार आहे का? नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर मिळून एकच सीरम आपल्याकडे देतात, आणि तिथे सगळा खेळ सीरमचा.

आमच्या परळच्या माणसांनी तरी या दोन गोष्टींत गल्लत करू नये, कारण दोघींची गाठ याच शहरात पडली होती. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा प्लेग आला (परत तीच लिम्फ नोडची गाठ, यावेळी जीवघेणी). वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना. त्याच वर्षी, मार्चमध्ये, प्लेगचा जंतू शोधणारा अलेक्झांडर येर्सिन घोड्यांपासून बनवलेलं प्लेगचं सीरम घेऊन मुंबईत उतरला. एक निरोगी माणसाला आधीच तयार करणारा, दुसरा पडलेल्या माणसाला उचलायला आलेला. येर्सिनच्या सीरमने इथे निराशाच केली, हाफकिनची लस पुढे लाखोंना टोचली गेली, आणि १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली ती अजून तिथेच, हाफकिन इन्स्टिट्यूट. पण म्हणून सीरम ही हरलेली बाजू समजू नका, घटसर्पाच्या सीरमसाठी एमिल फॉन बेरिंगला १९०१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते त्या विषयातलं पहिलंच नोबेल होतं.

नावांनी तर गोंधळ वाढवूनच ठेवलाय. कोविडच्या साथीत कोविशिल्ड ही लस बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचं नाव सीरम इन्स्टिट्यूट! तर तेही घोड्यांमुळेच. पूनावाला घराण्याचा घोड्यांचा व्यवसाय, त्यांचे रेसमधून उतरलेले घोडे इथे परळला हाफकिनकडे सीरमसाठी यायचे, त्यातून १९६६ मध्ये स्वतःच सीरम बनवायचं ठरलं आणि सुरुवात धनुर्वाताच्या सीरमपासून झाली. लसी नंतर आल्या, नाव राहिलं.

आणि ती दवाखान्यात मारलेली टीटी? ती लस आहे, सीरम नाही. (हल्ली टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पही येतो.) खिळा लागला की टीटी मारून मोकळे होतो आणि वाटतं तिने तिथल्या तिथे काम केलं, पण ती आज चालते कारण लहानपणी तीन-चार डोस झालेले असतात आणि आठवण धरून बसलेल्या पेशी हाक मारल्याबरोबर उठतात. ज्याला आयुष्यात कधीच टीटी मिळालेली नाही त्याला घाणेरडी जखम झाली तर नुसती टीटी पुरत नाही, धनुर्वाताचं तयार सीरमही द्यावं लागतं. रेबीजशी तर टीटीचा काडीचा संबंध नाही, हे ताईला तीनदा सांगावं लागलं.

उसन्या अँटीबॉडीजवर आपण सगळेच एकदा जगलोय. पोटात असताना आईच्या अँटीबॉडीज नाळेतून बाळात येतात आणि काही महिने टिकतात. पण बॉल आणि व्हॉल्व्हची भानगड इथेही आहे, आईचं संरक्षण शिल्लक असताना गोवराची लस दिली तर ती झाकली जाते, म्हणून आपल्याकडे तिचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. आणि २०२० मध्ये सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "प्लाझ्मा हवाय" चालू होतं ना, तीही हीच उसनवारी, बऱ्या झालेल्या माणसाच्या अँटीबॉडीज. आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) ४६४ रुग्णांवर तपासून बघितलं, मृत्यू काही कमी झाले नाहीत, आणि मे २०२१ मध्ये ती उपचारांच्या यादीतून काढली. आजार अंगात मुरल्यावर टँकर येऊन फारसा उपयोग नाही.

भाच्याचे पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी झाले, प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर तीच डाळ. पोटात चौदा इंजेक्शनं घेतल्याच्या गोष्टी शेजारच्या काकांनी त्याला रंगवून सांगितल्या, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, २००४ च्या अखेरीस आपल्याकडे बंद झाली. शेवटच्या दिवशी त्याने डॉक्टरांनाच विचारलं, परत चावलं तर परत पायात? त्या म्हणाल्या, नाही रे, कार्ड जपून ठेव, मग फक्त दंडावर दोनदा, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, पायात काहीच नाही, तुझ्याकडे आता स्वतःचं आहे. कार्ड ताईने लॅमिनेट करून आणलंय.